शेवटी ० किंवा २५५ असलेला आयपी पत्ता कॉम्प्युटरला चालतो का?

'शेवटचा आकडा ० किंवा २५५ असेल तर तो पत्ता कॉम्प्युटरला द्यायचाच नाही,' असं अनेकांनी क्लासच्या वहीत लिहून घेतलेलं असतं. २५५.२५५.२५५.० हा मास्क (एका गटात कुठून कुठपर्यंतचे पत्ते येतात ते ठरवणारा आकडा) असेल तर ते बरोबरच आहे, आणि घरोघरी तोच असतो. म्हणून नियम पक्का वाटतो.

पण राखीव असतात ते सबनेटचा, म्हणजे मास्कने ठरवलेल्या पत्त्यांच्या गटाचा, पहिला आणि शेवटचा पत्ता, मग आकडा कुठलाही असो. मास्क २५५.२५५.२५४.० करा: १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.११.२५५ हे सगळं एकच सबनेट. एकूण ५१२ पत्ते, दोन टोकं वगळून ५१०. आता १९२.१६८.१०.२५५ आणि १९२.१६८.११.० बरोबर मधोमध येतात, म्हणजे साधे पत्ते. उलट २५५.२५५.२५५.१९२ मास्क लावला तर ६४-६४ पत्त्यांची सबनेट पडतात, एक ६३ला संपतं आणि पुढचं ६४ला सुरू होतं, म्हणून शेवटी ६३ आणि ६४ असलेले पत्ते सुद्धा बाद!

खात्री करायची तर दोन मशीनना तोच २५४वाला मास्क द्या, एकाला १९२.१६८.११.० आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.५ पत्ता द्या, आणि पिंग करा, म्हणजे एकाकडून दुसऱ्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघा. उत्तर नाही आलं तर आधी फायरवॉल (बाहेरून येणारे संदेश अडवणारी यंत्रणा) बघा. काही जुनी उपकरणं मात्र असे पत्ते नाकारतात. प्रिंटरला तरी मी ते देत नाही.