पार्श्वभूमी : ॲव्हरेजचा कायदा, धुराचा कायदा आणि मधोमध सुटलेला पिकअप

‘बीएस-6 आलं आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार नागपूरच्या कळमना मार्केटच्या गेटवर किंवा वाडीच्या ट्रान्सपोर्ट पट्ट्यात कुणाकडूनही ऐकायला मिळते. तिच्यात दोन वेगळे कायदे एकमेकांत मिसळले आहेत. एक धुराचा, म्हणजे बीएस (भारत स्टेज) निकषांचा, दुसरा इंधनाचा. छोटा हाथी किंवा बोलेरो पिकअपवाल्याला जे सोसावं लागलं ते पहिल्यामुळे.

इंधनाच्या कायद्याचं मूळ अमेरिकेत आहे. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि डिसेंबर 1975 मध्ये तिथे ‘कॅफे’, म्हणजे कंपनीच्या सरासरी इंधन-वापराच्या, निकषांचा कायदा झाला. निकष एकेका गाडीला लागत नाही. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी धरली जाते. कारसाठी 1985 पर्यंत 27.5 मैल प्रति गॅलन गाठायचं होतं, म्हणजे लिटरला सुमारे 11.7 किलोमीटर. पिकअप आणि तत्सम गाड्यांना मात्र ‘हलके ट्रक’ म्हणून वेगळं, सैल माप मिळालं. 1996 ते 2004 ते 20.7 मैलांवर, म्हणजे लिटरला 8.8 किलोमीटरवर गोठलेलं होतं. 8,500 पौंडांच्या, म्हणजे 3,855 किलोच्या वरचे पिकअप तर त्या काळी निकषांबाहेरच होते. त्यात आयात हलक्या ट्रकवर 1964 पासूनचा 25 टक्के कर. डेट्रॉइटच्या कंपन्यांचा नफा मोठ्या पिकअपमध्ये एकवटला तो या सगळ्यामुळे. कामगारांचा पगारही त्यातूनच निघायचा, म्हणून त्यांच्या संघटनेने कडक निकषांना अनेक वर्षं विरोध केला. 2012 मध्ये 54.5 मैलांचं लक्ष्य ठरलं तेव्हा मात्र याच संघटनेने पाठिंबा दिला. 2007 च्या कायद्यानंतर लक्ष्य चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरू लागलं होतं. गाडी जितकी लांब-रुंद, तितकी सूट जास्त. ती गाडी आपल्या इतवारीच्या गल्लीत वळणारही नाही, ही गोष्ट वेगळी. 2025 मध्ये तिथे निकष मोडल्याचा दंडच शून्य केला गेला.

आपल्याकडे कॅफे 2017-18 पासून आला, तो फक्त प्रवासी कारना. आधी 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटर, 2022-23 पासून 113. पेट्रोलच्या भाषेत दुसरा आकडा 100 किलोमीटरला 4.77 लिटर, म्हणजे लिटरला जवळपास 21 किलोमीटर. इथे माप क्षेत्रफळाचं नाही, वजनाचं: कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की मर्यादाही सैल होते. 12 टनांवरच्या ट्रक-बससाठी ऑगस्ट 2017 मध्ये वेगळे निकष अधिसूचित झाले, 3.5 ते 12 टनांसाठी 2019 मध्ये. या तिन्ही याद्यांत 3.5 टनांखालची मालवाहू गाडी नाही. नागपुरातली भाजी, सिमेंट, फर्निचर वाहणारी बहुतेक चाकं नेमकी तिथेच आहेत.

धुराच्या कायद्याने मात्र या छोट्या मालवाहू गाडीला सोडलं नाही. बीएस-4 एप्रिल 2010 मध्ये 13 शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे, सोलापूर होतं, नागपूर नव्हतं. देशभर ते 1 एप्रिल 2017 ला लागलं. बीएस-5 गाळून थेट बीएस-6 वर जायचं ठरलं जानेवारी 2016 मध्ये, नितीन गडकरींच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत, आणि 1 एप्रिल 2020 पासून ते अमलात आलं. डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50) 10 वर आलं. जड वर्गातल्या पिकअपची काजळीची मर्यादा किलोमीटरला 60 मिलिग्रॅमवरून 4.5 वर आली. एवढी घट नुसत्या पंप सेटिंगने होणं शक्यच नव्हतं. म्हणून डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी, डीपीएफ, बसली.

ॲव्हरेज पडतं ते इथे. जाळी भरली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जादा डिझेल फवारून ती 550 ते 600 अंशांवर जाळतो. त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग पळायला हवी. इतवारी ते कॉटन मार्केट अशा थांबत-थांबत फेऱ्यांत जाळणं अर्धवट राहतं आणि उरलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर जास्तीचं काढून भागत नाही, पूर्ण ऑइल बदलावं लागतं. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की वर्धा रोडने जामठ्याच्या पुढे 50-60 च्या वेगाने, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून गाडी न्यायची आणि दिवा विझेपर्यंत बंद करायची नाही. त्यानंतर लगेच तणसाच्या ढिगाजवळ उभी करू नये. सायलेन्सर आग लावण्याइतका तापलेला असतो. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच भरावं. काजळी जळते, ऑइलची राख जाळीतच साचते.

ज्या गाड्यांना डीईएफ (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रव) लागतं, त्यांच्या टाकीत शेतातला युरिया पाण्यात कालवून ओतण्याची ‘आयडिया’ महागात पडते. डीईएफ म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचं लेपण दिलेला असतो. तो नोझल चोंदतो आणि कॅटॅलिस्ट खराब करतो.

हिशेब असा. रोज 100 किलोमीटर, ॲव्हरेज 14 वरून 12 वर आलं, तर दिवसाला 1.19 लिटर जादा. लिटर 90 रुपये आणि महिन्याचे 25 दिवस धरले तर साधारण 2,680 रुपये. हा फरक शहरी फेऱ्यांत दिसतो. अमरावती किंवा जबलपूर रोडवर रोज लांब पळणाऱ्या गाडीत जाळी आपोआप साफ होते आणि फरक फार उरत नाही. पासिंगपेक्षा जादा लोड भरणाऱ्याने दोष जाळीला देऊ नये, हेही सांगायला हवं.

मिस्त्रीचं कामच पालटलं. जुन्या नोझलचा दाब दोनशे बारच्या आसपास. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप ढिला करायचा आणि कुठला सिलिंडर मरतोय ते ओळखायचं. आताच्या कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एकच उच्च दाबाची नळी) दाब 1,600 बारच्या वर जातो. तिथे तसं केलं तर डिझेलची धार कातडीत घुसते. नवा इंजेक्टर बसवला की त्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरायचा. तो राहिला तर इंजिन ठोकतं आणि धूर काढतं.

कारखान्यांचं म्हणाल, तर हिंगण्यात बनणाऱ्या ट्रॅक्टरना हे नियम लागत नाहीत. त्यांचे धुराचे ‘ट्रेम’ निकष वेगळे, आणि जानेवारी 2023 चा टप्पा 50 अश्वशक्तीच्या वरच्यांसाठी आहे. भंडाऱ्याजवळच्या अशोक लेलँडमध्ये गिअरबॉक्स बनतात. धुराचा नियम कितीही कडक झाला तरी गिअरबॉक्स लागतोच. इलेक्ट्रिक छोटा हाथी 2022 मध्ये आला, त्यात गिअर बदलायची पेटी नाही. मोटरला एकच कायम गिअर पुरतो.