मलायातील कम्युनिस्ट उठाव

मलाया द्वीपकल्पातील (आजच्या मलेशियाचा पश्चिम भाग) ब्रिटिश सत्तेविरुद्ध मलायन कम्युनिस्ट पक्षाने १९४८ साली सुरू केलेला सशस्त्र लढा. ब्रिटिश दप्तरी त्याची नोंद ‘मलायातील आणीबाणी’ अशी आहे. ही आणीबाणी ३१ जुलै १९६० रोजी उठविण्यात आली.

या उठावातली माणसे आणि बरीचशी हत्यारे ब्रिटिशांच्याच जुन्या दोस्तीतून आली होती. १९३० साली स्थापन झालेल्या या पक्षात मुख्यतः चिनी वंशाचे मजूर, शिक्षक आणि विद्यार्थी होते. सरकार त्यांना तुरुंगात टाकी किंवा चीनला हद्दपार करी. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर स्वारी केली, तेव्हा मात्र याच सरकारने कम्युनिस्ट कैदी सोडले आणि निवडक कार्यकर्त्यांना घातपाती युद्धाचे शिक्षण दिले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्यानंतर जपान्यांनी चिनी लोकांची कत्तल केल्याने अनेक तरुण पक्षाने जंगलात उभारलेल्या जपानविरोधी सेनेत दाखल झाले. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या ‘फोर्स १३६’ या गुप्त युद्धपथकाने त्यांना विमानातून शस्त्रे पुरविली. डिसेंबर १९४५ मध्ये ही सेना बरखास्त झाली आणि हत्यार खाली ठेवणाऱ्या प्रत्येकाला ३५० मलायन डॉलर मिळाले. पण सगळी हत्यारे परत आली नाहीत. पुष्कळशी जंगलात पुरून ठेवली होती.

युद्धोत्तर मलायात तांदळाची टंचाई आणि भयंकर महागाई होती. कथील व रबर यांतून ब्रिटनला अमेरिकी डॉलर मिळत होते, पण ते पिकविणाऱ्यांची मजुरी पुरत नव्हती, त्यामुळे संपांची लाट उसळली. पक्षाने आधी कामगार संघटनांचा सनदशीर मार्ग धरला होता. तो धरायला लावणारा सरचिटणीस लाय टेक हा ब्रिटिशांचा हेर होता आणि युद्धकाळात जपान्यांनाही सामील होता. १९४७ मध्ये बिंग फुटण्याच्या सुमारास तो पक्षाचा पैसा घेऊन पळाला. त्याच्या जागी आलेला चिन पेंग जेमतेम बावीस वर्षांचा होता. युद्धातील कामगिरीबद्दल ब्रिटिशांनी त्याला ओबीई हा किताब दिला होता, तो पुढे काढून घेतला.

१ फेब्रुवारी १९४८ रोजी आलेल्या मलाया संघराज्याच्या रचनेत बहुसंख्य चिनी रहिवाशांना नागरिकत्व मिळणे अवघड झाले. त्याच सुमारास कलकत्त्यात आग्नेय आशियाई युवक परिषद भरली आणि तेथेच झालेल्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात बी. टी. रणदिवे यांची जहाल भूमिका विजयी झाली. उठावाचा हुकूम कलकत्त्याहून सुटला, असे त्या काळी बोलले जाई. पण स्थानिक कारणे इतकी सबळ होती की या तर्काची फारशी गरज उरत नाही. जूनमध्ये कायदा बदलून सरकारने कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाचा मार्गच बंद केला.

१६ जून १९४८ रोजी पेराक राज्यातील सुंगाई सिपुट येथे तीन युरोपीय मळेवाल्यांची हत्या झाली आणि आणीबाणी जाहीर झाली. या हत्यांचा आदेश मध्यवर्ती समितीने दिला नव्हता, असे चिन पेंगने पुढे सांगितले. एवढे खरे की पक्ष बेसावध सापडला: धरपकडीत शेकडो कार्यकर्ते अडकले आणि लष्करी नेता लाऊ यू महिन्याभरातच मारला गेला. सरकारनेही सूडबुद्धी दाखविली. डिसेंबरमध्ये बातांग काली येथे स्कॉट्स गार्ड्सच्या सैनिकांनी २४ निःशस्त्र गावकऱ्यांना ठार केले. महासंघाचे माजी अध्यक्ष, तमिळ कामगार नेते एस. ए. गणपती यांना नेहरू सरकारने रदबदली करूनही मे १९४९ मध्ये फाशी देण्यात आली.

बंडखोरांना अन्न, औषधे आणि बातम्या मिळत त्या जंगलाच्या कडेने वसलेल्या चिनी कुळवाड्यांतून. पक्षाने पाहांगमध्ये मुख्यतः मलय लोकांची दहावी पलटण उभी केली, तरी मलय शेतकरी मोठ्या संख्येने त्याच्याकडे वळला नाही. माझ्या मते उठावाची खरी मर्यादा हीच होती. १९५० पासून ब्रिटिश जनरल ब्रिग्ज यांच्या योजनेखाली सुमारे पाच लाख लोकांना काटेरी कुंपणाच्या ‘नव्या गावांत’ हलविल्यावर रसद आटली. ऑक्टोबर १९५१ मध्ये उच्चायुक्त गर्नी यांना बंडखोरांनी ठार केले, पण तोपर्यंत उतरण लागली होती. डिसेंबर १९५५ मधील सरकार व बंडखोर यांच्यातील बालिंगची बोलणी फिसकटली आणि ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाल्यावर परक्या सत्तेविरुद्धचा मुद्दाच हातून गेला. थायलंडच्या सीमेवर उरलेल्या तुकड्यांनी १९६८ मध्ये पुन्हा लढाई सुरू केली. तिचा शेवट डिसेंबर १९८९ मध्ये मलेशिया व थायलंड सरकारांशी झालेल्या हात याई करारांनी झाला.