न्युरेंबर्गला जायचंय? आधी महिना ठरवा, मग शेंगेन व्हिसाचा अर्ज

जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा नाताळबाजार ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतो. हाउप्टमार्क्ट या मुख्य चौकातल्या चर्चच्या सज्जात सोनेरी मुकुट घातलेली एक मुलगी येते, स्वागताचं काव्य म्हणते, की बाजार उघडला. २४ डिसेंबरला तो आवरतो. दरवर्षी कोणी ना कोणी ओळखीचं ऑक्टोबरच्या शेवटी मला विचारतं, ‘नाताळबाजार बघायचाय, व्हिसाला किती दिवस लागतात?’ तोवर बराच उशीर झालेला असतो.

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. नियम साधा आहे. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी देता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाची मुदत १५ दिवसांची, पण एखादं प्रकरण जास्त तपासायचं ठरलं तर ती ४५ दिवसांपर्यंत जाते. अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचे दिवस यात धरलेले नाहीत. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या प्रवासासाठी दार मेअखेरीसच उघडतं. माझं मत विचाराल तर गणपती उठायच्या आत अर्ज देऊन मोकळं व्हावं. उन्हाळ्यात जायचं असेल तर याहून घाई करा, कारण शाळांच्या सुट्ट्या धरून सगळेच निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटची तारीख मिळता मिळत नाही.

महिना कोणता?

व्हिसाच्या माहितीत हे कशाला, असं वाटेल. पण अर्जात तुम्ही दिवसवार कार्यक्रम जोडणार असता आणि तो त्या ऋतूत पटण्यासारखा लागतो. डिसेंबरात तिथे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. किल्ला, चित्रकार ड्युररचं घर, जर्मन राष्ट्रीय संग्रहालय आणि वर बांबेर्ग हे दुसरं शहर, असं सगळं एका दिवसात कोंबलेला कार्यक्रम कागदावरच खोटा दिसतो. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा तो निदान शक्य कोटीतला असतो.

जुलैअखेरीस जुन्या शहराच्या चौकाचौकांत बार्डनट्रेफेन हा संगीतमहोत्सव होतो, तोही फुकट. ऑगस्टच्या शेवटी शरदातली जत्रा, वसंतात ईस्टरच्या आसपासची जत्रा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचे सुरुवातीचे दिवस मात्र पर्यटकांनी टाळावेत. तेव्हा तिथे खेळण्यांचं जगप्रसिद्ध व्यापारी प्रदर्शन भरतं आणि हॉटेलांचे दर आभाळाला टेकतात. तुम्ही स्वतः त्या धंद्यात असाल आणि प्रदर्शनालाच निघाला असाल, तर अर्ज पर्यटनाचा नाही, व्यवसायाचा. त्याला प्रदर्शनाचं प्रवेशपत्र किंवा निमंत्रण आणि कंपनीचं पत्र जोडावं लागतं.

सोमवारी संग्रहालय बंद, मंगळवारी न्युरेंबर्ग खटल्यांचं स्मारक बंद. नाझी नेत्यांवर २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात जिथे खटला चालला, ती ६०० क्रमांकाची कोर्टरूम या स्मारकात आहे. ती मंगळवारच्या रकान्यात लिहू नका. कोणी बघणार नाही असं वाटतं, पण बघितलंच तर अर्ज घाईत भरल्याचं कळतं.

अर्ज जर्मनीकडेच करायचा का?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शेंगेन व्हिसा एकच असला तरी तो कोणत्या देशाकडे मागायचा, हे तुम्हाला निवडता येत नाही. जिथे जास्तीत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखेच भरले तर ज्या देशातून आधी आत शिरणार, त्याच्याकडे.

न्युरेंबर्गच्या बाबतीत घोळ होतो तो प्रागमुळे. दोन्ही शहरं जवळ, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही करायचा मोह सगळ्यांना होतो. माझ्या एका मित्राने न्युरेंबर्गच्या तीन रात्री आणि प्रागच्या चार रात्री धरल्या, विमान म्युनिकला उतरत होतं म्हणून अर्ज जर्मनीचा केला. अर्ज घेणाऱ्या खिडकीवर रात्री मोजल्या गेल्या आणि फाइल परत हातात आली. तो अर्ज चेक प्रजासत्ताकाचा होता. मग त्याने प्रागची एक रात्र कमी करून न्युरेंबर्गला जोडली आणि नवी तारीख घेतली. गेले दोन आठवडे.

राहण्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरतात.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. जुने पासपोर्ट असतील तर तेही सोबत न्या, आधीचे व्हिसे दाखवता येतात.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, सहा महिन्यांच्या आतला, फिकट पार्श्वभूमीवर, चेहरा मोठा दिसणारा. स्टुडिओवाल्याला आधीच बजावा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. आमच्या आईच्या फोटोत त्याने प्रेमाने सगळ्या सुरकुत्या पुसून रंग दोन छटा उजळ केला होता. फोटो छान होता, पण आईसारखा नव्हता. दुसरा काढावा लागला.

आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण आहे. पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुतेकदा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं. अर्ज, तिकीट आणि विम्यावर अक्षरशः तसंच उतरवा, मधलं नाव गाळू नका. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि बँक खातं सासरच्या नावाचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडाच, नाहीतर पैसे कोणाचे हा प्रश्न उभा राहतो. जो कागद फक्त मराठीत आहे, उदाहरणार्थ सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर लागतं.

पैशांसाठी गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरणपत्राची पोच. स्टेटमेंटवर बँकेचा सही-शिक्का घ्या, शक्यतो प्रत्येक पानावर. अर्जाच्या आठवड्यात मामाकडून चार लाख आणून खात्यात टाकू नका. अचानक फुगलेली शिल्लक शंका वाढवते, तीन महिने नियमित येणारा पगार जास्त बोलका असतो. नोकरदारांनी पगारपत्रकं आणि कंपनीचं रजामंजुरीचं पत्र, दुकानदारांनी शॉप ॲक्ट लायसन्स किंवा जीएसटी नोंदणी, निवृत्तांनी पेन्शनचा पुरावा द्यावा. मुलांसाठी जन्मदाखला, आणि एकच पालक सोबत जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र.

प्रवासी वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर चालणारा. आजारपणात मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात असायलाच हवा. शिवाय हॉटेलचं आरक्षण, विमानाचं आरक्षण आणि प्रवास का, कधी, कोणाच्या पैशांनी हे सांगणारं एक पानी पत्र. तिकीट पक्कं काढून पैसे अडकवू नका, रद्द करता येईल असंच आरक्षण ठेवा.

कोणी नातेवाईक तिकडे असेल तर

न्युरेंबर्गला खेटून असलेल्या एरलांगेनमध्ये सीमेन्सचं मोठं केंद्र आहे, विद्यापीठही आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच आईवडिलांचा मुक्काम हॉटेलात नसतो, मुलाकडे असतो. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी तुमच्या खर्चाची औपचारिक हमी घेऊ शकते. त्या कागदाचं जर्मन नाव फेअरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. उच्चाराची काळजी नको, खिडकीवरची माणसं ‘ऑब्लिगेशन लेटर’ म्हटलं की समजतात. मुलाने राहत्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात पगाराचे आणि घराचे पुरावे दाखवून ते काढायचं असतं. त्याची फी २९ युरो. मूळ प्रत भारतात मागवा, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. त्या कार्यालयाची तारीख मिळायलाही वेळ लागतो, तेव्हा मुलाला आजच कामाला लावा. साधं निमंत्रणपत्र वेगळं, त्यात पैशांची कायदेशीर हमी नसते.

अर्जाच्या दिवशी

फॉर्म ऑनलाइन भरून छापायचा, सही करायची. अर्ज व्हीएफएस या अर्ज गोळा करणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात देतात, मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. तिथे कागद घेतले जातात, निर्णय मुंबईतला जर्मन वाणिज्य दूतावास घेतो. त्यामुळे ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. ती रुपयांत भरायची, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे गेल्या ५९ महिन्यांत दिले असतील तर सहसा पुन्हा लागत नाहीत.

पासपोर्ट परत आला की तिथेच उघडून स्टिकर वाचा. वैधतेच्या तारखांमध्ये सहसा १५ दिवसांची सवलत मिळवलेली असते, पण राहायचे दिवस ‘ड्युरेशन ऑफ स्टे’समोर लिहिलेले असतात. तिथे १० असेल तर १०च दिवस, खालची तारीख पुढची दिसली तरी. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरलेल्या भारतीयांना एप्रिल २०२४च्या नियमांनुसार दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. पत्रात तसा उल्लेख करा आणि जुन्या स्टिकरच्या प्रती जोडा.

नकार आला तर फी परत मिळत नाही. कारण छापील पत्रात खूण करून दिलेलं असतं. पूर्वी दूतावासाकडेच फेरविचार मागता येत असे, जर्मनीने ती सोय १ जुलै २०२५पासून बंद केली. आता एक तर त्रुटी दुरुस्त करून नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. पर्यटनासाठी कोण कोर्टात जातं? नवाच अर्ज करा, पण तोच गठ्ठा पुन्हा पाठवू नका.

ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर नवी नोंदणीपद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेऊन नोंद होते. त्याला वेगळी फी नाही, रांग मात्र आहे. फ्रांकफुर्ट किंवा म्युनिकला उतरून लगेच न्युरेंबर्गची गाडी पकडायची असेल तर मध्ये चांगले तीन तास सोडा.

आणि सगळ्या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानाच्या बॅगेत नको. सीमेवरचा अधिकारी ते मागू शकतो. आमची आई म्युनिकला उतरली तेव्हा अजून शिक्के मारत. कुठे, किती दिवस, कोणाकडे, एवढं त्याने विचारलं. तिने उत्तर न देता आख्खी फाइलच काचेखालून सरकवली. हमीपत्र वरच होतं, ते वाचून त्याने फाइल तशीच परत दिली.