मागचं चाक का धरतं: हँडब्रेकची शंभर वर्षांची भानगड

मागचं चाक धरतंय, रिमला हात लावता येणार नाही इतकी तापतेय, हँडब्रेक सोडून न्यूट्रलला टाकली तरी गाडी ढकलून हलत नाही, नाहीतर बरोबर उलटं, लिव्हर पार वरपर्यंत ओढला तरी उतारावर गाडी सरकतेच. या तक्रारी ऐकायला वेगवेगळ्या वाटतात पण बहुतेक वेळा मूळ एकाच जागी सापडतं. पुढच्या चाकावर बहुतेक गाड्यांत एकच ब्रेक असतो, पायाचा, तेलावर चालणारा. मागच्या चाकावर दोन असतात, एक पायाचा तेलावर आणि दुसरा हाताचा तारेवर, आणि ड्रमवाल्या गाडीत (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा) हे दोघं एकाच शूच्या जोडीला, म्हणजे त्या डब्याला आतून घासणाऱ्या दोन कमानींना ढकलतात. आता दोघांतला कोण सोडत नाहीये ते बाहेरून दिसत नाही, आणि म्हणूनच तेलाचा दोष तारेवर आणि तारेचा दोष तेलावर ढकलत पार्ट बदलणं चालू राहतं.

ही जोडी कुणी मुद्दाम बसून ठरवलेली नाही, ती साचत साचत झालीय. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत ब्रेक होता तो हाताच्या लिव्हरचाच. १८८८ साली त्याची बायको बर्था त्याच घराण्यातली गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, साधारण १०० किलोमीटर, तेव्हा ब्रेकचे ठोकळे इतके झिजले की वाटेत चांभाराकडून त्यांच्यावर चामडं ठोकून घ्यावं लागलं. ब्रेक लायनर, म्हणजे घासून झिजणारं अस्तर, म्हणतात त्याची ही पहिली गोष्ट म्हणून ती अजून सांगतात. पुढे १९०२ मध्ये लुई रेनोने आतून फाकणाऱ्या शूचा ड्रम ब्रेक आणला आणि मूळ मांडणी म्हणून आपण आजही मागच्या चाकात तोच वापरतो. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं होतं, पण त्याला दिवस यायला अर्धं शतक जावं लागलं.

त्या काळात ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे. पुढची चाकं वळतात, त्यांच्यापर्यंत दांडे आणि तारा न्यायच्या कशा हा एक प्रश्न, आणि पुढचा ब्रेक लावला तर गाडी उलटेल किंवा स्टिअरिंग हातातून जाईल ही दुसरी भीती. फोर्ड मॉडेल टी बघा, १९०८ ते १९२७ चाललेली गाडी, तिचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हताच, तो ट्रान्समिशनला धरायचा, आणि मागच्या चाकातले ड्रम हाताच्या लिव्हरने लागायचे. म्हणजे मागचं चाक ही मुळात हाताच्या ब्रेकची हक्काची जागा, पायाचा ब्रेक तिथे नंतर राहायला आला.

तो आला तेलाबरोबर. दांडे आणि तारांवर चार चाकांना सारखा ब्रेक लावणं म्हणजे मेकॅनिकची रोजची डोकेदुखी, एक बाजू जरा ताणली की गाडी तिकडे ओढणार. माल्कम लॉकहीडने तेलाचा दाब वापरून हा प्रश्न मिटवला, १९२१ ची ड्यूझनबर्ग आणि १९२४ ची क्रायस्लर या त्या वाटेवरच्या गाजलेल्या गाड्या. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत दम धरला. पण तेलाची एक मोठी अडचण होती, सर्किट म्हणजे तेलाची वाट एकच, एक पाइप फुटला की पेडल सरळ फ्लोअरला आणि चारही ब्रेक गेले. म्हणून तेलाशी संबंध नसलेला दुसरा ब्रेक पाहिजेच होता, तार ठेवणं भाग होतं आणि ती जिथे आधीपासून होती तिथेच राहिली, मागच्या चाकात. पुढे १९६० च्या दशकात दोन सर्किटचे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की तेलाला दाब देणारा भाग) सर्रास झाले आणि हँडब्रेकवरचा हा भार कमी झाला, तरी उभी गाडी धरून ठेवायचं काम राहिलंच, कारण तेलाचा दाब रात्रभर टिकेल याची खात्री नाही, लिव्हरचा खाचा अडकला की तो अडकला. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत भरलेली कार २० टक्के चढावर किंवा उतारावर पार्किंग ब्रेकने उभी राहिलीच पाहिजे अशी अट आहे.

आता खरी भानगड सुरू होते ती ऑटो अ‍ॅडजस्टरपासून. आधी शू झिजला की मागून एक छोटं झाकण काढून स्क्रूड्रायव्हरने दात फिरवायचे, चाक घासेपर्यंत घट्ट करायचं आणि मग थोडं मागे घ्यायचं, दर काही हजार किलोमीटरला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे काम ब्रेक आपलं आपण करायला लागला. ड्रम काढून आत बघितलं तर दोन शूच्या मध्ये एक आडवी पट्टी दिसते, तिच्यावर दातेरी चाक असतं आणि त्याला टेकलेली एक जीभ. शू जास्त फाकला की जीभ एक दात पुढे सरकवते, बस्स एवढंच. पण यासाठी ब्रेक सोडल्यावर दोन्ही शू पूर्ण मागे येऊन आपल्या मूळ टेकूवर बसले पाहिजेत, आणि हँडब्रेकचा आतला लिव्हरही आपल्या स्टॉपला टेकला पाहिजे. लिव्हर पाच सहा खाच वर जायला लागला म्हणून कुणीतरी खालून केबलचा नट आवळतो, हँडब्रेक तेवढ्यापुरता झकास लागतो, पण शू आता कायमचा थोडा फाकलेला राहतो, तो टेकूवर बसत नाही म्हणून अ‍ॅडजस्टर काम करत नाही, लायनर झिजत जातं, लिव्हर परत वर जातो, परत नट आवळला जातो. माझ्या मते मागच्या ब्रेकच्या अर्ध्या कहाण्या इथेच सुरू होतात. आधी केबल पूर्ण सैल, मग ड्रममधलं अ‍ॅडजस्टमेंट, मग दहा वीस वेळा पेडल दाबून शू बसवायचे आणि सगळ्यात शेवटी केबल, हा क्रम कितीतरी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण वाचतो कोण.

डिस्क आल्यावर सगळं सोपं होईल असं वाटलं असणार. जॅग्वारने १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्कवर ल मान्सची शर्यत जिंकली, १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या. ड्रमचा शू एका बाजूला फिरण्याच्या जोरानेच स्वतःला आत ओढून घेतो, डिस्कला ती मदत नाही, मग हाताच्या जोरावर डिस्क धरायची कशी? डीएसने पार्किंग ब्रेक पायाने दाबायचा केला आणि तो पुढच्या डिस्कवर बसवला. काहींनी मागच्या डिस्कच्या पोटातच छोटा ड्रम घातला, त्याचं लायनर वर्षानुवर्ष झिजत नाही पण गंजून शू चिकटतात आणि कधीकधी लायनर पत्र्यावरून सुटून येतं. सगळ्यात जास्त पसरला तो तिसरा मार्ग, कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या पकडीच्या आतच स्क्रू, बाहेरून केबल त्याचा लिव्हर फिरवते आणि पिस्टन पुढे येतो. म्हणूनच मागचे पॅड (डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्या) बदलताना हा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो, आणि हे माहीत नसलेला माणूस क्लॅम्पने जोर लावून आतला स्क्रू खराब करतो. या कॅलिपरची कमजोर जागा म्हणजे त्या लिव्हरच्या दांड्यावरचं रबरी सील. ते फाटलं की पाणी आत, दांडा गंजला की केबल सैल पडली तरी लिव्हर परत येत नाही, स्प्रिंग बिचारी ओढत राहते.

यात भर पडली पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची. इंजिन पुढे, वजन पुढे, ब्रेक मारल्यावर उरलेलं वजनही पुढे झुकतं, त्यामुळे मागचा ब्रेक आयुष्यभर हलक्या कामावर राहतो, आणि जो ब्रेक तापत नाही त्याचा गंज घासून जात नाही. केबलचं तेच, अर्नेस्ट बाउडनची १८९६ ची कल्पना, नळीतून सरकणारी तार, पण नळीचं कव्हर एका जागी फाटलं आणि पाणी शिरलं की आत गंज फुगतो, मग हाताने ओढायला जाते पण स्प्रिंगने परत येत नाही.

हे सगळं माहीत असलं की शोधणं बरंच सरळ होतं. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना ठोकळे, मागचं चाक स्टँडवर, आणि चाक घट्ट असतानाच आधी केबल सैल करायची. चाक सुटलं तर दोष केबलचा किंवा तिच्या अ‍ॅडजस्टमेंटचा. नाही सुटलं तर ब्लीड निपल (चाकाजवळचा तेल सोडायचा स्क्रू) अर्धा आटा उघडायचा, तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता, मग मागच्या रबरी होजवर संशय घ्या, तो आतून सुजला की पायाच्या जोराने तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. एका सर्किटची किंवा सगळीच चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरमधलं तेल परत जायचं बारीक भोक बंद झालंय का, पेडलला थोडी ढील आहे का ते बघा. ब्रेकमध्ये कुणी चुकून इंजिन ऑइल घातलं असेल तर सगळी रबरं सुजतात आणि हा त्रास चारही कोपऱ्यांत निघतो. निपल उघडूनही चाक हललं नाही तर मग लफडं चाकातच, गंजलेला पिस्टन, सुकलेल्या पिना, शू घासून खड्डे पडलेला बॅकप्लेट, म्हणजे शूच्या मागचा पत्रा.

२००१ च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजपासून इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आला, लिव्हर जाऊन बटण आलं. पुढे बहुतेकांनी छोटी मोटर थेट कॅलिपरवरच बसवली, त्यात लांब केबल गेली म्हणजे तिचा गंजही गेला, पण पॅड बदलायचे तर आधी स्कॅनरने किंवा ठरलेल्या क्रमाने सर्व्हिस मोडमध्ये मोटर मागे घ्यावी लागते. इलेक्ट्रिक गाड्यांत वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच जनरेटरसारखी चालून करते, मागच्या डिस्क आणखी रिकाम्या राहतात आणि गंजतात, म्हणून फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ ला मागे परत ड्रम दिले, झाकलेला असल्याने त्यात पाणी आणि धूळ कमी जाते. पार्किंग ब्रेक तिथेही मागच्या ड्रमवरच आहे, शूची जोडी तीच आणि ओढायला मोटर.