समुद्राची नोकरी बडोद्यातूनही सुरू होते

काळाघोड्याच्या पुलाखालची विश्वामित्री नदी पावागडावरून उतरते, शहरातून वळणे घेत ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखातात जाते. शिवाय आसपासच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सुमारे 55 किलोमीटरच्या कालव्यातून जंबुसर तालुक्यातल्या सरोदजवळ, महीच्या मुखाशी सोडले जाते. बडोद्याला किनारा नाही, पण समुद्राशी त्याचे नाते रोजचे आहे. म्हणून बारावीनंतर 'समुद्रासाठी काम करायचंय' म्हणणाऱ्या मुलीला फक्त पाणबुड्याचा पोशाख दाखवू नये. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणे हीसुद्धा त्याच कामाची सुरुवात आहे.

समुद्राचे पाणी तपासण्याच्या या कामाचा पाया म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणे. बंदरे आणि उद्योगांलगतचा भाग सोडला, तर किनारी पाण्याच्या बहुतेक वापरांसाठी तो लिटरला निदान 4 मिलिग्रॅम असावा लागतो. त्याहून फार खाली गेला की मासे पळतात. तळाला चिकटलेले जीव पळू शकत नाहीत, ते गुदमरतात. प्रत्यक्ष मोजणी अशी: 300 मिलिलिटरची काचेची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. राहिला तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा खोटा वाढतो. मग पिपेटचे (द्रव मोजून घालायच्या काचेच्या नळीचे) टोक पाण्याखाली धरून मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी 1 मिलिलिटर घालायचे. तपकिरी साका (गाळ) बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हे टप्पे जागेवरच उरकायचे, कारण बाटलीतले जिवाणू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत श्वास घेतच राहतात.

नंतर 1 मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा, म्हणजे ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन सुटते. मग 201 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल (ठरलेल्या तीव्रतेच्या) थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, म्हणजे आयोडीनचा रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने घालून मोजायचे. 200 का नाही? पहिल्या दोन द्रावणांनी बाटलीतून 2 मिलिलिटर पाणी बाहेर लोटलेले असते, त्याची ही भरपाई. आता थायोसल्फेटचा 1 मिलिलिटर म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन. आयोडीनला निळे करणारा स्टार्च शेवटी, रंग फिकट पिवळा झाल्यावरच घालावा. घाईने आधी घातला तर आयोडीन स्टार्चला घट्ट धरून बसते आणि निळा रंग नेमका कधी गेला ते कळत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. सांडपाण्यासाठी नेहमीची सीओडी चाचणी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजणारी) नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्याला तशीच लावली जाते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असते. ही पद्धत 2,000 पर्यंतच भरवशाची. त्यापुढे क्लोराइडच चाचणीतले रसायन, डायक्रोमेट, खाते आणि मीठ प्रदूषण म्हणून मोजले जाते. अशा अहवालावर सही करण्याआधी 'क्लोराइड किती होतं?' हे विचारणारा माणूस हवा.

खंभातच्या आखातात उधाणाला पाणी 10 मीटरहून जास्त चढते-उतरते. त्यामुळे एकच नमुना घेऊन भागत नाही: भरतीला समुद्राचे पाणी मिळते, ओहोटीला नदीचे आणि कालव्याचे. दोन्ही वेळचे नमुने, वेळेची नोंद आणि पाण्याचा खारेपणा सोबत नसेल तर आकड्याला अर्थ उरत नाही. उपग्रहाची चित्रे वाचणाऱ्यांनाही हेच भान लागते. अहमदाबादला इस्रोच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरमध्ये प्रवाळ आणि तिवरांचे (गुजरातीत चेर) नकाशे तयार झाले आहेत. भरतीच्या वेळचे चित्र घेतले तर कोवळी तिवरे पाण्याखाली दडतात आणि जंगल घटल्याचा भास होतो. भूगोल किंवा संगणक शिकलेल्यांना जीआयएसमधून (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याच्या तंत्रातून) इथे शिरता येते.

मासेमारीकडे ओढा असेल तर मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी वेरावळला किंवा रत्नागिरीजवळ शिरगावला करता येते. पुढचे शिक्षण मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची शिकार होई. 2001 मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले, पण खरा फरक पडला तो कोळी बांधवांशी बोलण्याने आणि शार्क सोडवण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याने. हे काम घरात मराठी आणि गल्लीत गुजराती बोलत वाढलेल्या बडोद्याच्या मुलांना सहज जमेल.

प्रवाळ बघायला पाण्यात उतरायलाच हवे असेही नाही. कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात, वाडीनारजवळच्या नरारा बेटावर, वनखात्याची परवानगी घेऊन ओहोटीत चालत जाता येते. भरतीचे वेळापत्रक आधी बघावे, जाड तळव्याचे बूट घालावेत आणि जिवंत प्रवाळावर पाय देऊ नये. एखादा दगड उलटलाच, तर तो होता तसाच परत ठेवावा. खालच्या अंगाला चिकटलेले जीव उन्हात काही वेळातच सुकून जातात.