के-मार्टला ॲमेझॉनने संपवलं? तारखा बघा जरा

कुठेही अमेरिकेतल्या के-मार्टचा (स्वस्त मालाच्या मोठ्या दुकानांची साखळी) विषय निघाला की कोणीतरी ठोकून देतंच, "ऑनलाइन आलं आणि ॲमेझॉनने खाल्लं". ऐकायला पटतं, पण हिशोब जुळत नाही.

के-मार्टचं पहिलं दुकान 1962 चं, मिशिगनमधल्या गार्डन सिटीत. गंमत म्हणजे वॉलमार्ट आणि टार्गेट या तशाच साखळ्या पण त्याच वर्षी सुरू झाल्या, आणि त्यात सगळ्यात जोरात के-मार्टच पळालं, मागे क्रेसगी या त्याच्या मूळ कंपनीचा दुकानदारीचा जुना धंदा होता ना. पण 1990 च्या आसपास वॉलमार्ट विक्रीत पुढे निघून गेलं, तेव्हा ॲमेझॉनचा जन्मही नव्हता, त्यांची पुस्तकविक्री 1995 ची!

मग झालं काय? वॉलमार्टने गोदामं, ट्रक आणि कॉम्प्युटरवर पैसा ओतला, कुठल्या दुकानात काय संपलंय ते त्यांना लगेच कळायचं. के-मार्ट त्याच काळात पुस्तकांची, खेळाच्या सामानाची, ऑफिसच्या वस्तूंची दुकानं विकत घेत बसलं आणि स्वतःची दुकानं कळकट होत गेली, जाहिरातीतली वस्तू रॅकवरच नाही असले प्रकार. जानेवारी 2002 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा 2000 च्या वर दुकानं होती, आणि ऑनलाइन खरेदी एकूण किरकोळ विक्रीच्या जेमतेम दीड टक्का.

नंतर 2005 मध्ये सिअर्स या दुसऱ्या जुन्या दुकान-साखळीशी लग्न लावलं, म्हणजे दोन आजारी एका खाटेवर. तिथून पुढे ऑनलाइनचा फटका बसला, ते मान्य.

आणि हो, ऑस्ट्रेलियातलं के-मार्ट वेगळ्या मालकाचं आहे, ते मस्त चालू आहे.