सेराडो

सेराडो : ब्राझीलच्या मध्य पठारावरील उष्ण कटिबंधीय सॅव्हाना (विरळ झाडांचा गवताळ) प्रदेश. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौ. किमी., म्हणजे देशाच्या भूमीच्या एक पंचमांशाहून अधिक. उष्ण कटिबंधातील निकस जमीन विज्ञानाच्या बळावर किती पालटता येते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे पाहण्यास याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

येथे पाऊस पुरेसा पडतो, पण जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात. जाड सालीची, वेडीवाकडी वाढलेली झाडे वणव्यांना सरावलेली असून त्यांची मुळे फार खोल जात असल्याने या प्रदेशाला ‘उलटे जंगल’ असेही म्हणतात. लाल माती खोल व भुसभुशीत असली, तरी लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिच्यातील चुना व मॅग्नेशियम धुऊन नेले आहे. कोकणातील जांभ्याच्या मातीप्रमाणेच ती आम्लधर्मी व लोहयुक्त आहे. तिच्यातील विद्राव्य ॲल्युमिनियम मुळांना मारक ठरते आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) लोहाच्या संयुगांत अडकून पडतो. म्हणून १९६० मध्ये ब्राझिलिया ही नवी राजधानी याच पठारावर वसली, तेव्हाही भोवतालची बहुतेक जमीन विरळ गुरेचराईपलीकडे निरुपयोगी मानली जात होती.

हे चित्र बदलले ते १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एम्ब्रापा’ या सरकारी कृषिसंशोधन संस्थेमुळे. उपाय वरवर साधा होता : हेक्टरी काही टन चुनखडीची भुकटी घालून आम्लता उतरवायची आणि भरपूर स्फुरद द्यायचा. खरी अडचण सोयाबीनची होती. समशीतोष्ण प्रदेशातील हे पीक विषुववृत्ताकडे, जेथे उन्हाळ्यातही दिवस फारसा मोठा होत नाही, तेथे खुरटे राहून अकाली फुलते. उशिरा फुलणारे वाण निर्माण केल्यावरच ते येथे रुजले. योहाना डोबेराइनर यांच्या संशोधनामुळे मुळांवरील जिवाणूंकडून नत्र मिळवण्याची पद्धत रूढ झाली आणि नत्रखताचा मोठा खर्च टळला. आफ्रिकेतून आलेल्या ब्रॅकिएरिया गवताने कुरणे सुधारली. त्यांवर चरणारी नेलोर गुरे मूळची आंध्रातील ओंगोल वंशाची. आज ब्राझील सोयाबीनचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक असून त्यातील मोठा वाटा सेराडोचा आहे. या कार्यासाठी एम्ब्रापाचे शास्त्रज्ञ एडसन लोबाटो, माजी कृषिमंत्री ॲलिसन पाओलिनेली आणि अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ कॉलिन मॅक्लंग यांना २००६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मात्र ‘पडीक’ ठरवलेली ही भूमी दहा हजारांहून अधिक वनस्पतिजातींचे घर आहे आणि साओ फ्रान्सिस्को, टोकांतिन्स यांसारख्या नद्यांचे उगम येथेच आहेत. मूळ वनस्पतिआवरणापैकी सुमारे निम्मे नाहीसे झाले आहे. खोल मुळांच्या झाडांऐवजी हंगामी पिके आल्याने कोरड्या ऋतूत नद्यांना पाणी पुरवणारी व्यवस्थाच दुबळी होते, आणि हेच शेतीच्याही मुळावर येते. शावांतेंसारख्या आदिवासी समाजांच्या जमिनींभोवती शेतांचा वेढा पडला आहे. संरक्षण मात्र अॅमेझॉनच्या वाट्याला अधिक आले : तेथील वनात जमीनमालकाने ८० टक्के भाग राखला पाहिजे, सेराडोच्या बहुतेक भागात २० टक्केच. अॅमेझॉनमधील नव्या जंगलतोडीचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ मधील करारही सेराडोला लागू नव्हता.

हाच नमुना मोझांबिकमध्ये नेण्यासाठी ब्राझील व जपान यांनी ‘प्रोसवाना’ प्रकल्प आखला. पण तेथील सॅव्हाना रिकामी नव्हती, छोटे शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या कसत होते. त्यांच्या विरोधानंतर २०२० मध्ये तो गुंडाळण्यात आला.